जलचिन्ह आणि मोर्तब

पाचशेची नोट हाती आली की ती उजेडाकडे धरून पाहण्याची रीत आपल्या बाजारात इतकी रुळली आहे की, आपण नेमके काय पाहतो याचा विचार सहसा कोणी करीत नाही. नोटेच्या मोकळ्या जागेत महात्माजींची छायाकृती उमटते. १९९६ साली निघालेल्या मालिकेपासून ती तेथे आहे. त्यापूर्वी अशोकस्तंभावरील सिंह असत. ही आकृती शाईने छापलेली नसते. कागदाचा लगदा जेथे पातळ बसला तेथून उजेड अधिक येतो, जेथे जाड बसला तेथे सावली राहते, आणि त्या उजेड-सावलीतूनच चेहरा साकार होतो. इंग्रजीतील ‘वॉटरमार्क’ तो हाच. मराठीत आपण त्याला जलचिन्ह म्हणतो. सातशे वर्षे हे चिन्ह कागद करणाऱ्याच्या किंवा राज्यकर्त्याच्या हाती होते. गेल्या काही वर्षांत ते सामान्य नागरिकाच्या हाती आले आहे, आणि त्याच्या हाती येताना त्याचा अर्थही पालटला आहे. तो कसा, हे आज सांगावयाचे आहे.

मध्य इटलीत फाब्रियानो नावाचे गाव आहे. तेराव्या शतकात तेथील कारागिरांनी कागद करण्याच्या विद्येत ज्या सुधारणा केल्या, त्यांतली ही एक. लाकडी चौकटीवर बारीक तारा ताणून साचा करावयाचा, टाकीतला पातळ लगदा त्या साच्याने उचलावयाचा आणि पाणी निथळू द्यावयाचे, ही त्यांची पद्धत. कोणा कारागिराने त्या तारांवर आणखी एक तार वाकवून बसविली. तिच्या उंचवट्यावर लगदा पातळ राहिला, आणि कागद वाळल्यावर तारेची आकृती उजेडात दिसू लागली. आज ठाऊक असलेले सर्वांत जुने जलचिन्ह १२८२ च्या सुमाराचे आहे. ते एक साधा क्रूस आहे. नावात जल असले तरी खरे काम तारेचे. म्हणूनच इटालियन व फ्रेंच भाषांत या खुणेला तारेच्या नक्षीकामावरून नाव मिळाले आहे.

या खुणा प्रथम कागद करणाऱ्याच्या होत्या. हा कागद अमक्या गिरणीचा, अमक्या प्रतीचा, एवढेच त्या सांगत. पुढे काही खुणांवरून कागदाच्या आकारांना नावे पडली. आपल्या कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या ज्या ‘फुलस्केप’ कागदावर टिपणे लिहिली गेली, त्याचे नाव विदूषकाच्या घुंगुरदार टोपीवरून आले आहे, कारण ती टोपी त्या कागदाचे जलचिन्ह होती. अतिशय गंभीर मुद्रेने लिहिलेले सरकारी खलिते विदूषकाच्या टोपीवर लिहिले जात होते, हे आमच्या वडीलधाऱ्या अधिकाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे! आपले प्रकाशक ग्रंथाचा आकार सांगताना ‘क्राउन’ म्हणतात, तो मुकुटही मुळात जलचिन्हातलाच.

कारागिराने व्यापारासाठी घातलेली खूण इतिहासकाराच्या उपयोगी पडेल, असे त्याच्या स्वप्नातही नसेल. तारेची आकृती वापराने झिजते, वाकते, तुटते. मग नवी बसवावी लागते. त्यामुळे प्रत्येक आकृतीचे आयुष्य थोडे, आणि म्हणून तिच्यावरून कागदाचा काळ ठरविता येतो. शार्ल-मोईझ ब्रिके या स्विस संशोधकाने युरोपातील दफ्तरे धुंडाळून सोळा हजारांहून अधिक जलचिन्हांच्या रेखाकृती जमविल्या आणि १९०७ साली चार खंडांत प्रसिद्ध केल्या. त्यानंतर वर्षभरातच डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग या इंग्रज पंडिताने शेक्सपिअरच्या नाटकांच्या काही जुन्या प्रतींचे बिंग फोडले. त्यांच्या मुखपृष्ठांवर १६०० व १६०८ अशी साले छापलेली होती. पण कागदातील जलचिन्हांवरून त्या साऱ्या १६१९ साली एकत्र छापल्या गेल्याचे त्याने दाखवून दिले. छापलेली अक्षरे खोटे बोलत होती, आणि कागद खरे सांगत होता. अर्थात जो कागद छापणाऱ्याची चोरी सांगतो तो लिहिणाऱ्याचेही काही सांगू शकतो. ही दुसरी बाजू लक्षात ठेवावी. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

कारागिराची खूण राज्याची खूण झाली ती नोटांमुळे. बँक ऑफ इंग्लंडने १६९७ पासून जलचिन्हांकित कागद वापरण्यास आरंभ केला. १७७३ च्या कायद्याने तर त्या कागदाची नक्कल करणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठरविली. तरीही नक्कल करणारे निपजलेच. जॉन मॅथिसन नावाच्या एका हुन्नरी माणसाने बँकेच्या नोटेतील जलचिन्हाची इतकी हुबेहूब नक्कल केली की, बँकेचे लोक चक्रावले. प्राण वाचत असतील तर आपण कृती सांगू, अशी त्याची तयारी होती म्हणतात. ती कोणी मानली नाही, आणि १७७९ साली तो फासावर गेला. त्याच्यामागून पुढच्या चाळीस वर्षांत खोट्या नोटांपायी शेकडो माणसे त्याच वाटेने गेली. म्हणजे जलचिन्हाने खोटेपणा थांबविला नाही. तो अवघड केला, एवढेच. जलचिन्हाची थोरवी सांगताना हे विसरू नये.

आता आपल्याकडे वळू. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा आणि जुन्नरचा कागद मराठी दफ्तरांत प्रसिद्ध आहे. या देशी कागदात जलचिन्ह आढळत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. आपल्या कारागिरांचा साचा ताठ तारांचा नसे. गवताच्या काड्यांच्या विणलेल्या चटईवर ते कागद उचलीत, व तीवर तारेची आकृती बसविण्याची सोयच नव्हती. मग आपल्या पूर्वजांनी कागदाच्या खरेपणाची काळजी कशी घेतली? कागदाच्या पोटात नव्हे, तर पाठीपोटावर. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे. तो अधिकार सांगे. लांब पत्र असल्यास कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवीत आणि सांध्यावर पाठीमागून मुद्रा उठवीत, म्हणजे मधलाच तुकडा काढून कोणी दुसरा घुसडू नये. आणि मजकूर संपला की लगेच त्याखाली मोर्तब.

या मोर्तबाचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. शिवछत्रपतींच्या पत्राखाली जी लहान मुद्रा दिसते तिच्यावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे आहेत. म्हणजे ‘ही येथे मर्यादा शोभते आहे’. पुढील काळातील मोर्तबांवर ‘लेखनसीमा’ असा शब्द येतो. अर्थ तोच. आमचे म्हणणे येथवर. याखाली जे कोणी लिहील ते आमचे नव्हे. शिक्का सांगतो की पत्र कोणाचे, आणि मोर्तब सांगते की ते कोठवर. एक उगमाची खूण, दुसरी मर्यादेची. युरोपच्या जलचिन्हाने पहिले काम सातशे वर्षे केले. दुसरे काम आपल्या चिटणिसांना पक्के कळले होते, आणि आजच्या नागरिकाला नेमकी त्याचीच निकड आहे.

इंग्रजी अमदानीत पहिल्या जातीचे जलचिन्ह आपल्याकडे आले. १८६५ साली हिंदुस्थानच्या टपाल तिकिटांच्या कागदात हत्तीचे मस्तक आले. नोटांचा मक्ता १८६१ च्या कायद्याने सरकारने आपल्याकडे घेतलेलाच होता. पुढे १९२० नंतरच्या दशकात नाशिकला मुद्रणालय निघाले आणि तिकिटे व नोटा गोदाकाठी छापल्या जाऊ लागल्या. पण नोटांचा कागद मात्र विलायतेतून येई. तो देशात होऊ लागला १९६८ च्या सुमारास, नर्मदेकाठी होशंगाबादच्या कारखान्यात.

दुसऱ्या जातीची खूणही याच काळात एका वेगळ्या दाराने आली. धनादेशाच्या कोपऱ्यात आपण दोन तिरप्या रेघा मारतो. लंडनच्या पेढ्यांतील कारकुनांच्या सोयीसाठी निघालेली ही चाल. इंग्लंडात १८५६ नंतर तिला कायद्याने मान्यता मिळाली आणि आपल्याकडे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात तिचे नियम आले. तीमध्ये ना तार, ना साचा, ना गुप्त कृती. दौतीतल्या शाईच्या दोन रेघांनी, एक पैही खर्च न करता, धनादेश लिहिणारा सांगतो की हा पैसा पेढीमार्फतच द्यावा, कोणाच्या हाती रोख देऊ नये. मोर्तबाप्रमाणे येथेही चिन्ह मर्यादा घालते. आणि ते उमटविणारा राजा नसून आपल्या घामाचा पैसा देणारा साधा माणूस आहे.

मग आले छायाप्रतीचे, म्हणजे आपल्या ‘झेरॉक्स’चे युग. पूर्वी दस्तऐवजाची नक्कल हाताने होई, तिच्यावर ‘अस्सलबरहुकूम’ असा शेरा पडे, आणि नक्कल करणे हे कष्टाचे काम असल्याने नकला थोड्या असत. यंत्राने हा धरबंध नाहीसा केला. माझ्यासारख्या राजपत्रित अधिकाऱ्यांच्या दारात साक्षांकनासाठी विद्यार्थ्यांच्या रांगा लागत, त्यावेळी आम्ही सहीनिशी एवढेच सांगत असू की, ही प्रत मुळाप्रमाणे आहे. ती कोणत्या कामासाठी आहे, कोणाला द्यावयाची आहे, काम झाल्यावर तिचे काय व्हावयाचे, याविषयी तिच्यावर अवाक्षर नसे. पुढे स्वसाक्षांकन आले. रांगा गेल्या ही मोठी सोय झाली. पण प्रत होती तशीच बेवारशी राहिली. एकदा एका रेल्वे स्थानकाबाहेर घेतलेली शेंगदाण्यांची पुडी उलगडली, तो आत कोणा गृहस्थाच्या अर्जाचा तुकडा, छायाचित्रासह आणि सहीसह. त्या माणसाने ती प्रत कोठे दिली होती आणि ती तेथून पुडीपर्यंत कशी आली, हे सांगण्यास तिच्यावर काहीच नव्हते.

कागदाची प्रत निदान रद्दीत जाऊन संपते. संगणकातील प्रत संपत नाही. निवास भाड्याने घ्यावयाचा, भ्रमणध्वनीचे नवे जोडपत्र घ्यावयाचे, हॉटेलात एक रात्र काढावयाची, प्रत्येक वेळी ओळखपत्राचे चित्र कोणा तरी अनोळखी माणसाच्या फोनवर जाते आणि तेथेच राहते. त्याच चित्राच्या आधारे दुसरा कोणी आपल्या नावाने कर्ज काढू शकतो, खाते उघडू शकतो. आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या प्रादेशिक कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी लोकांना बजावले होते की, आधारची छायाप्रत वाटेल त्या संस्थेला देऊ नये. दोनच दिवसांनी, गैरसमज होईल म्हणून, ती सूचना मागे घेण्यात आली आणि नागरिकांनी नेहमीचे तारतम्य बाळगावे, असे सांगण्यात आले. तारतम्य हा शब्द चांगला आहे. पण ते कागदावर उमटवावे कसे, हा प्रश्न उरतोच. २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, हे त्याचे एक मुख्य सूत्र आहे. ‘मर्यादेयं विराजते’ याहून ते फारसे निराळे नाही.

उत्तर सोपे आहे. प्रत देण्यापूर्वी तिच्यावर आडवे लिहावे: अमक्या संस्थेस, अमक्या कामासाठी, अमक्या तारखेस दिली, अन्य कामास चालणार नाही. हेच नागरिकाचे जलचिन्ह. कागदावर ते लेखणीने होते. फोनमधल्या चित्रावर फोनच्याच चित्र-संपादनातील लेखणीने होते. संगणकावर ‘लिबरऑफिस’ हा मोफत कार्यक्रम आहे. त्याच्या लेखन-विभागात २०१७ पासून जलचिन्हाची सोय आहे. ‘गिंप’ चित्रांसाठी आणि ‘पीडीएफटीके’ पीडीएफ धारिकांसाठी तशीच मोफत साधने आहेत. फ्रान्समध्ये भाड्याचे घर शोधणाऱ्यांना कागदपत्रांचे पुडके घरमालकांकडे धाडावे लागते. तेथील शासनाने नागरिकांसाठी जलचिन्ह उमटवून देण्याची विनामूल्य सेवाच चालविली आहे. आपल्याकडे असे काही व्हावे, असे मला मनापासून वाटते.

मात्र ‘फुकट ते पौष्टिक’ हा न्याय येथे डोळे मिटून लावू नये. इंटरनेटवर कित्येक संकेतस्थळे म्हणतात, धारिका आमच्याकडे पाठवा, आम्ही जलचिन्ह घालून परत देतो. कशासाठी ही खटपट? ओळखपत्र अनोळख्यांच्या हाती पडू नये म्हणून. आणि आरंभ कसला, तर ते एका अनोळख्याला अजिबात चिन्हाविना देण्याचा! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या याच. काही साधने मात्र पान उघडल्यावर सारे काम आपल्याच यंत्रात करतात, धारिका बाहेर पाठवीत नाहीत. त्यांची परीक्षा घरी करता येते. पान उघडावे, मग इंटरनेटची जोडणी तोडावी, आणि त्यानंतरच धारिका निवडावी. तरीही काम झाले, तर ते आपल्याच यंत्रात होत आहे. तयार प्रत जतन करून ते पान बंद करावे, आणि नंतरच जोडणी पुन्हा सुरू करावी.

चिन्हाची दुसरी बाजू पुढे सांगेन असे म्हणालो होतो. उगमाची खूण आधुनिक विद्येने अदृश्य करून टाकली आहे. १९५४ साली ‘म्युझॅक’ या अमेरिकन कंपनीच्या एमिल हेम्ब्रुक याने अशी युक्ती मांडली की, ध्वनिमुद्रित संगीतातील एक बारीक स्वरपट्टी मधूनमधून गाळून त्यातच मालकीचा संकेत गुंफावा. ऐकणाऱ्याला कळू नये, पण यंत्राला कळावे. १९९३ च्या सुमारास चित्रांत अशा गुप्त खुणा घालण्याच्या विद्येला ‘इलेक्ट्रॉनिक जलचिन्ह’ असे नाव मिळाले. आणि २००५ साली अमेरिकेतील नागरी हक्कांच्या एका संस्थेने उघडकीस आणले की, रंगीत छपाईची काही यंत्रे प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके उठवितात, आणि त्यांत यंत्राचा क्रमांक, छपाईची तारीख व वेळ दडलेली असते. खोट्या नोटांना आळा घालण्याचा हेतू त्यामागे असेल. पण कोणी निनावी पत्र छापले तरी तो कागद छापणाऱ्याची चुगली करतो. जलचिन्ह स्वतः चांगलेही नाही आणि वाईटही नाही. ते कोणी घातले, कोणाला दिसते आणि ज्याच्या कागदावर ते आहे त्याला त्याची वार्ता आहे काय, हे विचारावे. आपल्या ओळखपत्रावर आपण उघड अक्षरांत घातलेले चिन्ह या कसोटीस उतरते. फोनने काढलेल्या छायाचित्रात स्थळाची नोंद गुपचूप बसलेली असते, ती उतरत नाही. अशा चित्राचा पडद्यावरच टिपून घेतलेला ठसा पाठविला, म्हणजे मूळ छायाचित्रातील ती नोंद सोबत जात नाही.

मॅथिसनने जे केले ते आजचे संगणक अधिक सहज करतात, हेही सांगितले पाहिजे. २०१७ साली गुगलच्या संशोधकांनी दाखविले की, हजारो चित्रांवर एकसारखेच जलचिन्ह असेल तर संगणक ते ओळखून पुसून टाकू शकतो. चिन्ह दर वेळी किंचित वेगळे असले तर ते फार कठीण जाते. तारीख आणि संस्थेचे नाव लिहिले की आपले चिन्ह आपोआपच दर वेळी वेगळे होते. कोपऱ्यातले चिन्ह कापून टाकता येते. म्हणून ते तिरपे, छायाचित्रावरून आणि मजकुरावरून जाणारे, शक्यतो दोन-तीनदा घालावे. पीडीएफ धारिकेत चिन्ह वेगळ्या थराने बसते व उचलूनही काढता येते. म्हणून पान आधी चित्रात रूपांतरित करावे आणि मग पाठवावे. आधारच्या बाबतीत प्राधिकरणच पहिले आठ अंक झाकलेली प्रत विनामूल्य देते. जेथे पुरा क्रमांक कायद्याने लागत नाही तेथे तीच द्यावी, आणि तिच्यावरही चिन्ह घालावे. कोणाकडून प्रत फुटली, हे निदान त्यावरून कळेल.

उरला प्रश्न खिडकीपलीकडच्या कारकुनाचा. ‘प्रत खराब केली, दुसरी आणा’ हे वाक्य अनेकांनी ऐकले असेल. त्याची अडचण अगदीच खोटी नाही. नाव, क्रमांक वा जन्मतारीख अक्षरांखाली गाडली गेली असेल तर त्याने काम करावे कसे? फिकट रंगाने, मोठ्या अक्षरांत, विरळ लिहिले तर मजकूर वाचता येतो आणि चिन्हही राहते. आधारवरील चौकोनी संकेतचित्र मोकळे सोडावे, कारण कागद खरा की खोटा हे त्यातील अंकीय स्वाक्षरीवरूनच ताडून पाहता येते, कोऱ्या छायाप्रतीवरून नव्हे. म्हणून माझ्या हाताखालच्या मंडळींना मी लेखी सांगून ठेवले आहे की, अक्षर लागत असेल तर आडवे लिहिलेली प्रत परत करू नये. आणि ज्या कामासाठी ती दिली असे तिच्यावर लिहिले आहे, ते आपल्याच कचेरीचे काम आहे की नाही, एवढे मात्र पाहून घ्यावे.